डेपोवाल्या काकांची पुडी

माघातला शेवटचा रविवार, सकाळचे नऊ. जागा: रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या घराचं मागचं अंगण. हजर: मी, माझा नवरा, घरमालक काकांची भिलाईहून आलेली मुलगी, पुरानी बस्तीतले एक निवृत्त पोस्टमास्तर, तेलीबांध्याहून स्कूटरवर येणारे एक कापडदुकानदार आणि त्यांची बायको, मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई. गैरहजर: काका. त्यांची तेरवी त्याच आठवड्यात झाली होती.

शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर कुठंही चार माणसं जमली की हजेरी घ्यायची सवय लागते. त्या दिवशी हजेरी घेणं सोपं होतं. पुढचं अवघड होतं. पोस्टमास्तर, दुकानदार आणि शिवणवाली या तिघांनाही शुगर होती. तिघांनी काकांच्या सांगण्यावरून डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि ते काकांची जंगली दवा घेत होते. काका गेले म्हणजे पुड्या बंद. घरात उरल्या असतील तेवढ्या संपल्या की या माणसांच्या पोटात औषध म्हणून काही जाणार नव्हतं, आणि त्यांना ते कळणारही नव्हतं. हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. आणि मी म्हणजे त्या घरातली पहिली संशयखोर. काका स्वतःच सगळ्यांना सांगायचे, "मॅडमची नजर पोलिसाची आहे, बाप्पा. यायच्यासमोर पुडी सोडू नका."

आम्ही त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली आणि नागपूरहून आम्ही इथं आलो. काका इथलेच, मराठ्यांच्या राज्यापासून आमचं घराणं रायपुरात आहे, असं ते भाडं मागतानाही सांगत. नोकरी त्यांनी जंगलखात्याच्या लाकूड डेपोत केली, बरीचशी नगरी-सिहावाच्या बाजूला. तिथं एका गोंड वैद्याच्या ओसरीवर बसून दवा शिकलो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते डेपोवाले काका.

उंच, खांद्यात वाकलेले, आणि अंगात बारा महिने हाफ स्वेटर. मे महिन्यातही. कुणी विचारलं तर म्हणत, "आतली गरमी आत राहू द्या." झाडांची नावं ते कधी घेत नसत. त्यांच्या बोलण्यात वनस्पती म्हणजे मावशी, मोठी बाई, काळी नणंद. मी एकदा सरळ विचारलं, "काका, या पुडीत कोणकोणत्या वनस्पती आहेत?"

"नावानं हाक नाही मारायची, मॅडम. झाड लाजते. मंग गुण नाही देत."

"पण डॉक्टरांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांगा, की मावशी आली आहे घरी."

दुसरा नियम: दवा घेतल्यावर धन्यवाद म्हणायचं नाही. कुणी चुकून म्हटलंच तर काका हात पुढं करून पुडी परत घेत आणि पुढच्या रविवारी या म्हणत. त्यामुळे अंगणातून लोक चोरी करून निघाल्यासारखे, खाली बघत, "हव, चलथन", म्हणजे बरं, निघतो, एवढंच पुटपुटून निघून जात.

शुगर तपासायची त्यांची पद्धत मुंग्यांची. मागच्या भिंतीच्या कडेला लाल मुंग्यांची रांग होती. नव्या पेशंटला ते तिथं आडोशाला लघवीला पाठवत, आणि मग कमरेवर हात ठेवून मुंग्या किती येतात ते बघत उभे राहत. आमची पोट्टी तेव्हा बारावीत होती. गॅलरीतून हे पाहून ती ओरडली, "मम्मी, छी! अंकल को बोलो ना, लैब नहीं है क्या?" काका वर न बघता म्हणाले, "लॅब आहे ना बेटा. कामगार थोडे लाल आहेत, एवढंच."

गंमत अशी की मुंग्या पाहून झाल्यावर ते हळूच विचारत, "कागद आणला का?" आणि पेशंटनं दिलेला खराखुरा लॅबचा रिपोर्ट चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचत. हे मी वरून पाहिलं आणि मनात नोंद केली. मुंग्यांवर भरवसा आहे तर कागद कशाला?

त्यांचा खरा हातखंडा प्रयोग मात्र पानाचा होता. एक हिरवं, साधंसं पान ते नव्या माणसाला चावायला देत. थोड्या वेळानं त्याच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवत. माणूस दचकायचाच. साखर लागायची नाही. तोंडात वाळू आल्यासारखं व्हायचं. मी स्वतः करून पाहिलं आहे, खरं आहे ते. ते गुडमार, हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. पान जिभेची गोडाची जाणीव तासभर बंद करतं. पण अंगणातल्या माणसाला वाटायचं, पान जिभेवर असं करतं तर रक्तात काय करत असेल! तिथंच तो काकांचा होऊन जायचा.

माझा नवरा असाच त्यांचा झाला. त्याची शुगर गोळ्यांवर होती, आणि पुढच्या खेपेला इन्शुलिनचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाले होते. सुईला तो इतका घाबरतो, की शाळेतल्या लसीकरणाच्या दिवशी हा गणिताच्या मास्तरांकडून स्वतःहून मार खायला थांबला होता, असं सासूबाई सांगतात. तो पान चावून वर आला, साखरेचा डबा उघडला, चमचाभर खाल्ली आणि म्हणाला, "अगं, काहीच लागत नाही! तू सांग, हे ढोंग आहे का?"

ढोंग होतं की नाही ते मला माहीत नव्हतं. मला काकांची अट आवडली नव्हती. पुडी घ्यायची तर इंग्रजी गोळ्या बंद. नुसत्या बंद नाही, घरात असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट काकांकडे आणून द्यायच्या. "मी त्यायले जंगलात सोडतो," ते म्हणत. आणि ज्याची पुडी त्यानंच घ्यायची. बायकोची नवऱ्याला चालणार नाही, नवऱ्याची बायकोला नाही. दर माणसाचा भावही वेगळा. मी रात्रीच्या भाकरी करताना हे सगळं डोक्यात मांडत असे. जंगल एक, झाड एक, कुटणारा एक. मग पुडी वेगवेगळी काहून?

एकदा मी हट्टानं त्यांच्यासोबत गेले. शनिवारी दुपारी आमच्याच गाडीत, धमतरीच्या पुढं, नगरीच्या रस्त्याला. दवा तोडायच्या आदल्या संध्याकाळी झाडाला नेवता द्यावा लागतो, म्हणजे पाहुण्याला देतात तसं आमंत्रण. काकांनी खिशातून हळद लावलेले तांदूळ काढले, एका वेलीच्या बुडाशी ठेवले, हात जोडले आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी येतो घ्यायले. एका माणसाचं काम आहे. ये बरं का." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, सावली आवरा. पाहुणीच्या अंगावर पडून राहिली."

मी सावली आवरली. खरं सांगायचं तर त्या दोन मिनिटांत मला त्यांच्याबद्दल काही शंका वाटली नाही. माणूस खोटं करताना आवाज बदलतो. त्यांचा बदलला नव्हता.

शंका परत आली ती जवळच्याच गावात. काकांचा गुरू असलेला वैद्य कधीच वारला होता. त्याच्या मुलाच्या ओसरीवर आम्ही मुक्काम केला. मुलगाही जडीबुटी देत होता. चहा झाल्यावर त्यानं आतून एक डबी आणली आणि आमच्यासमोर गोळी तोंडात टाकली. मी विचारलं, काय आहे? तर शुगरची, आरोग्य केंद्रातून मिळालेली. "बबा के जरी घलो खाथंव, सरकारी गोली घलो खाथंव," तो सहज म्हणाला. वडिलांची मुळीही खातो, सरकारी गोळीही खातो.

"आणि तुमच्या बाबांचा काही नियम नव्हता का, की गोळी बंद करायची?"

तो हसला. "बबा के जमाना म गोली रिहिस कहां, दीदी?" बाबांच्या काळात गोळी होतीच कुठं?

काका एकदम उठून गाडीचं चाक बघायला गेले. चाकाला काही झालेलं नव्हतं.

म्हणजे गोळ्या बंद करायचा नियम जंगलातला नव्हता, काकांचा होता. घरी परतल्यावर मी नवऱ्याला सांगून टाकलं: पुडी घे, मी अडवत नाही, पण डॉक्टरची गोळी पण घ्यायची, माझ्या हातानं, रोज सकाळी, नाश्त्याच्या आधी. नवी पट्टी मी आणते. काकांना सांगायची गरज नाही. नवरा दोन्ही बाजूंना हो म्हणणारा माणूस आहे. त्यानं काकांना सांगितलं, गोळी बंद. मला सांगितलं, गोळी चालू. दोघांचंही तो ऐकत होता, हे मात्र खरं.

आठवडा गेला नसेल. सकाळी तो बूढा तलावाला चक्कर मारून आला तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. घाम इतका, की शर्ट चिकटलेला. मी विचारलं काय झालं, तर माझ्याकडे पाहून म्हणाला, "गाडी किती नंबरवर लागली?" मला कळलं. मशीन आणून बोटाला टोचलं आणि आकडा पाहिला. शुगर फार खाली गेली होती. मी साखरेची मूठ त्याच्या तोंडात कोंबली. त्यानं ती माझ्या साडीवर थुंकली.

"माती काहून चारून राहिली मले?"

फिरायला जाताना वाटेत काकांनी त्याला पान दिलं होतं. जीभ बंद होती. साखर त्याला वाळूच लागत होती, आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. मी पुन्हा भरवली, त्यानं पुन्हा थुंकली, वर मला धक्का दिला. आवाजानं काका बाहेर आले. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, गोळी दिली का तुम्ही? खरं सांगा. गोळी दिली का?"

"दिली."

"अरे देवा. दोन्ही गेल्या मंग." आणि ते आत धावले. एवढ्या वयाचा माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता. साखरेचं पाणी करून आणलं, नवऱ्याचं डोकं काखेत धरलं आणि नाक दाबून घोट घोट आत सोडलं. "चव नको पाहू बेटा, गिळ. गिळ ना रे. तुले माती लागो की शेण लागो, गिळ."

त्यानं गिळलं. हळूहळू डोळ्यांत माणूस परत आला. मग दवाखाना, सलाईन, डॉक्टरांचे प्रश्न, एक रात्र तिथंच. पण "दोन्ही गेल्या" हे शब्द माझ्या कानातून जात नव्हते. पुडीत जंगलची पानं असतील, तर वरून एक गोळी गेली म्हणून कुणी इतकं घाबरेल का?

नवऱ्याला घरी आणल्यावर मी खाली गेले. मागच्या टिनाच्या शेडमध्ये ते खलबत्त्यासमोर बसले होते. माझी वाटच पाहत असावेत, कारण काही लपवलेलं नव्हतं. एका बाजूला वाळलेली पानं, जांभळाच्या बिया, बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे. दुसऱ्या बाजूला गोळ्यांच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला रबरानं बांधलेली त्या त्या माणसाची डॉक्टरची चिठ्ठी.

"म्हणजे त्यांच्याच गोळ्या तुम्ही त्यांना कुटून देता?"

"ज्याची त्याले. चिठ्ठीबाहेर एक कण नाही. संपल्या की मीच दुकानातून आणतो, त्याच भावात पुडी देतो. बाकी मावशी वगैरे असते. खोटं नाही, ती पण असते."

"आणि हे कशासाठी?"

"लोक इंग्रजी गोळीले भेतेत, मॅडम. किडनी जाते म्हणतात, सवय लागते म्हणतात. पट्टी उशीखाली ठेवून झोपतात अन् घेत नाहीत. जंगलाले कोणी नाही भेत. तुमचा नवरा रोज घेत होता का, माझ्याकडे येण्याआधी? विचारा."

मी विचारलं नव्हतं. नंतर विचारलं. घेत नव्हता.

मग त्यांनी बायकोची गोष्ट सांगितली. तिला शुगर होती, ती गोळीला हात लावायची नाही, काकांनी तिला नुसती जंगलची दवा दिली, निव्वळ, बिनगोळीची, आणि ती त्यातच गेली. तेव्हापासून हे सुरू केलं. सांगताना त्यांनी स्वेटरची खालची कड धरून ठेवली होती. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, "काका, काल माझा माणूस गेला असता. प्रत्येकाला सांगायचं. नाहीतर मी सांगते."

"सांगतो," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी खुर्ची टाकून बसले. पहिले आले पोस्टमास्तर. काकांनी त्यांना समोर बसवलं आणि हिंदीत, स्पष्ट सांगितलं की या पुडीत तुमचीच अंग्रेजी गोळी आहे.

पोस्टमास्तर माझ्याकडे बघून हसले. "काका मजाक बहुत करते हैं."

"मजाक नहीं है जी. ये देखो पट्टी."

"अरे हव, हव. परीक्षा ले रहे हैं. मैं शक नहीं करता काका, दीदी करती होंगी." त्यांनी पुडी उचलली, खिशात घातली आणि धन्यवाद न म्हणता निघाले.

काकांनी माझ्याकडे पाहून हात पसरले. "आता?"

शिवणवालीनंही तेच केलं. दुकानदारांच्या बायकोनं तर डोळे पुसले. इतका प्रामाणिक माणूस आजकाल कुठं मिळतो म्हणून. मला काका हे मुद्दाम, विश्वास बसणार नाही अशा पद्धतीनं सांगत आहेत असं वाटायचं. आजही वाटतं. होळीनंतर पुन्हा नीट सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधीच एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

तर माघातल्या त्या रविवारी मी सगळ्यांसमोर पट्ट्या आणि चिठ्ठ्या मांडल्या. ज्याची त्याला दिली. नवऱ्यानं शर्टाची बाही वर करून सलाईनची जागा दाखवली, जणू ती अजून दिसत होती. पोस्टमास्तरांनी आपल्या चिठ्ठीवरचं नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "तो वो सच बोल रहे थे?"

"हो."

"दीदी, आपको तो पहले दिन से शक था. खुश होंगी आप."

मला कसला आनंद? दुकानदार त्याच दिवशी डॉक्टरकडे जातो म्हणाले. शिवणवाली रडली, पण पट्टी घेऊन गेली.

काकांच्या मुलीला मी बाजूला घेऊन आईबद्दल विचारलं. ती गोंधळली. "आईला? आईला शुगर नव्हतीच हो. ती काविळीनं गेली. मी होते ना तिच्याजवळ." मग म्हणाली, "बाबांनी तुम्हाला असं सांगितलं?" कोण खरं बोललं ते मी ठरवलेलं नाही. आईनं मुलीपासून शुगर लपवली असेल. काकांनी माझ्यासाठी ती गोष्ट कुटून ठेवली असेल. त्यांच्या हातचं काहीही निव्वळ नसायचं.

सगळे गेल्यावर अंगणात एक पट्टी उरली. चिठ्ठीवर एका बाईचं नाव आणि कुठल्यातरी सरकारी दवाखान्याचा शिक्का. नवऱ्यानं ओळखलं. अभनपूरच्या बाजूची भाजीवाली, महिन्यातून एकदाच बसनं यायची, काकांकडून महिनाभराच्या पुड्या एकदम न्यायची. फोन नाही. तेरवीचं तिला कुणी कळवलं नव्हतं.

"तिच्यापुरतं आपणच कुटून दिलं तर?" नवरा म्हणाला. "सांगितलं तर ती घेणार नाही. मी ओळखतो तिला."

"नाही," मी म्हटलं. "सांगायचं. डॉक्टरकडे न्यायचं."

मंगळवारी अभनपूरच्या बाजारात आम्ही दोघं गेलो. तिच्या जागेवर दुसरीच बाई वांगी मांडून बसली होती. म्हणाली, ती येत नाही मागच्या बाजारापासून, तब्येत बरी नाही, पायाला काहीतरी झालंय. गाव कुठलं ते तिला नीट माहीत नव्हतं. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडे, एवढंच. नहराच्या पलीकडे पुष्कळ गावं आहेत. अंधार पडेपर्यंत आम्ही त्यातल्या काहींत विचारून आलो. बाकीची राहिली आहेत.